नववं प्रकरण

खळ पातळ हवी होती. घट्ट झाली असती तर पान फाटलं असतं, आणि पुस्तक फाडण्याइतकी मी वाईट नाही. दोन चमचे मैदा आणि वाटीभर पाणी मंद आचेवर ढवळत मी ओट्याशी उभी होते, तेवढ्यात दिलीप पाणी प्यायला आला आणि पातेल्यात डोकावला.

"पतंग करतीस का काय?"

"पुस्तक चिकटवायचंय."

"फाटलंय?"

"नाही."

लग्नाला अठरा वर्षं झाली होती. माझ्या कुठल्या 'नाही'नंतर गप्प बसायचं हे माझ्या नवऱ्याला एव्हाना चांगलं कळत होतं, पण त्या दिवशी तो बसला नाही. "न फाटलेलं पुस्तक चिकटवतात व्हय?"

"खटावकर बाई माझी पुस्तकं वाचत नाहीयेत," मी म्हणाले. "नुसती नेतात आणि परत देतात. मला खात्री करून घ्यायचीय."

"मग विचार की त्यांना."

"बाईंना? मी?"

दिलीप हसला. "तू पोलिसात जायला पायजे होतीस. उगं पुस्तकांत पडलीस," असं म्हणून तो तांब्या घेऊन बाहेर गेला. मी गॅस बंद केला आणि खळ निवत ठेवली.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. तेव्हा मी साताऱ्यात घरपोच वाचनालय चालवत होते. अजूनही चालवते. स्कूटरला दोन्ही बाजूंना कापडी पिशव्या, त्यांत पुस्तकं, आणि वारांप्रमाणे ठरलेली घरं. सोमवारी करंजे, मंगळवारी शाहूपुरी, गुरुवारी गोडोली. लोकांना भाजी निवडायला वेळ लागतो तसा पुस्तक निवडायलाही लागतो, त्यामुळे घरोघरी पाच-दहा मिनिटं बसणं व्हायचं आणि सगळ्या घरांची खडान्‌खडा माहिती मला असायची.

त्या वर्षी माझे वाचक गळायला लागले होते. सोळंकीवहिनी म्हणाल्या, आता मी फोनवरच वाचते, आडवं पडून वाचलं तरी हात दुखत नाही. बँकेतले देसाई म्हणाले, बायकोला दिसत नाही मी किती पुस्तकं घेतो ते. शाहूपुरीतली एक नवी सून तर हळूच म्हणाली, काय वाचतेय ते सासूबाईंना कळत नाही हो. प्रत्येकाचं कारण वेगळं आणि प्रत्येकाचं मला पटण्यासारखं, हाच खरा ताप होता. कागदाला धरून राहिलेल्यांचीही कारणं काही फार थोर नव्हती. एक आजोबा मला म्हणाले होते, हातात पुस्तक असलं की घरातले काम सांगत नाहीत, फोन असला की लगेच दळण आणायला पाठवतात.

अशा दिवसांत खटावकर बाई म्हणजे माझा आधार होत्या. मालती खटावकर, कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका. मी त्यांच्या हाताखाली शिकले, पाढे चुकले म्हणून त्यांच्या खोलीबाहेर उभी राहिले, आणि वाचनालय काढलं तेव्हा पहिलं नाव त्यांचंच लिहून घेतलं. त्या वेळी त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. यजमान कधीच गेलेले, मुलगा शिरीष पुण्यात, आणि गोडोलीतल्या तीन खोल्यांच्या घरात त्या एकट्या. आठवड्याला दोन पुस्तकं घ्यायच्या. माझ्या वाचनालयाच्या दहाव्या वाढदिवसाला त्या चार शब्द बोलल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, "यंत्रातलं पुस्तक म्हणजे काचेआडून वाढलेलं ताट." मी ते वाक्य त्यांच्या फोटोसकट माझ्या पत्रकावर छापलं आणि साताराभर वाटलं. त्यानंतर दोन महिने एकही वाचक गेला नाही.

आणि नेमकी त्याच वर्षी मला त्यांच्याबद्दल शंका यायला लागली.

पहिली गोष्ट म्हणजे यादी. इतकी वर्षं त्या म्हणायच्या, "तू आणशील ते दे, विजया. माझी आवड तुला माझ्यापेक्षा जास्त कळते." आता मात्र नावं सांगायला लागल्या. अमुकच कादंबरी हवी, तमुकच चरित्र. मी दुसरं काही पुढं केलं, अगदी कोरं करकरीत पुस्तक, तरी हात लावेनात. "पुढच्या खेपेला बघू," म्हणायच्या. ही नावं त्यांना कोण सुचवतं ते मला कळत नव्हतं, आणि मला न कळणारी गोष्ट मला फार वेळ पचत नाही.

दुसरी गोष्ट शेंगदाण्यांची. बाई वाचताना भाजलेले शेंगदाणे खायच्या. त्यांच्याकडून पुस्तक आलं की मी ते आधी दारात झटकायचे, मग आत आणायचे, कारण पानापानांत लाल फोलपटं असायची. गेल्या पाच-सहा महिन्यांत एकही फोलपट निघालं नव्हतं. पुस्तक जसं गेलं तसं परत येत होतं.

तिसरी गोष्ट खुणांची. आमच्या धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं. एकदा वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा घरी येऊ नये म्हणून वयस्कर वाचक ठरलेल्या पानावर बारीकशी खूण करून ठेवतात. कुणी सतराव्या पानावर फुली मारतं, कुणी शेवटच्या पानावर आद्याक्षर लिहितं. वाचनालयवाले तक्रार करत नाहीत, उलट कुणी काय वाचलंय ते आम्हाला त्यावरून कळतं. बाईंची खूण म्हणजे पन्नासाव्या पानाच्या आकड्याशेजारी पेन्सिलीचा छोटासा त्रिकोण. मुख्याध्यापिकेचा त्रिकोण, तिन्ही बाजू समान. तो त्रिकोण आता भरकटायला लागला होता. कधी बावन्नाव्या पानावर, कधी छापील ओळींवरच, कधी अर्धवट. मी म्हटलं, बघा, नाटक करायचं म्हणून करतात आणि तेही धड करत नाहीत.

आणि चौथी गोष्ट टक्क्यांची. एका गुरुवारी मी सहज विचारलं, "कादंबरी कुठवर आली, बाई?"

"साठ टक्के झालीय," त्या म्हणाल्या.

तेव्हा वाटलं, शाळामास्तरीण आहे, टक्क्यांत बोलणारच. पण घरी येताना पोवई नाक्यावर सिग्नलला थांबले आणि डोक्यात लख्ख झालं. कागदाचं पुस्तक वाचणारा माणूस पान सांगतो, प्रकरण सांगतो, निम्मं झालं म्हणतो. साठ टक्के कोण सांगतं? सोळंकीवहिनी सांगतात. त्यांच्या फोनवर खाली तसा आकडा येतो.

त्यापुढच्या मंगळवारी मी गोडोलीत दुसऱ्या कामाला गेले होते. बाईंच्या फाटकाशी स्कूटर लावली आणि कुंपणावरून पाहिलं. पुढच्या सोप्यात बाई खुर्चीत बसलेल्या, आणि हातात पाटीएवढं एक काळं यंत्र अगदी नाकाशी धरलेलं. फाटक करकरलं. त्यांनी ते यंत्र इतक्या चपळाईनं शेजारच्या विणकामाच्या पिशवीत सारलं, की वर्गात डबा खाताना पकडलेली मुलगी मला आठवली.

"कोण गं?"

"मी, विजया."

"आज कशी? गुरुवार का आज?"

"नाही, इकडून चालले होते." मी पिशवीकडे पाहिलं. वर लोकरीचा गुंडा होता, त्यातून सुया बाहेर आलेल्या. "विणताय वाटतं?"

"हो, जुईला स्वेटर," त्या म्हणाल्या. जुई म्हणजे त्यांची नात, पुण्याची. टेबलावर माझी दोन पुस्तकं, एकात दोरा घातलेला, आणि पुस्तकांवर चष्मा ठेवलेला. सगळं कसं नीट मांडलेलं होतं. दुकानाच्या काचेतली मांडणी असते ना, तसं.

त्या दिवशी बाई जरा जास्तच बोलल्या. शिरीष फार मागे लागलाय, म्हणाल्या. गेल्या दिवाळीत त्या पायरी चुकून पडल्या होत्या, तेव्हापासून त्याचं एकच चाललं होतं, आई, पुण्याला चल. घर बंद करू, नाही तर विकून टाकू. "मी त्याला सांगितलंय, माझे डोळे शाबूत आहेत तोवर मी इथून हलणार नाही. तर म्हणाला, मग वाचून दाखव. आता दर खेपेला आला की परीक्षा घेतो. म्हणतो, वाच आई, कुठवर आलीस ते. मुख्याध्यापिकेची परीक्षा."

"मग पास होता का?"

"पहिल्या वर्गात," बाई म्हणाल्या आणि हसल्या.

मीही हसले, पण माझं सगळं लक्ष त्या पिशवीत होतं. बाईंचं घर, शिरीष, पुणं, सगळं एका कानानं आत गेलं आणि दुसऱ्यानं बाहेर. मला वाटत होतं की त्यांनी मला फसवलंय. माझ्या पत्रकावर फोटो छापून घ्यायचा, माझ्या वाचकांपुढं यंत्राला नावं ठेवायची, आणि घरात चोरून त्याच यंत्रावर वाचायचं. मग माझी पुस्तकं कशाला नेता? दया म्हणून? शाळेतली पोर आहे, तिचं पोट चालू दे म्हणून? हा विचार मनात आला आणि मला खरोखर रडू आलं. स्कूटरवर रडत घरी आले.

रडून झाल्यावर राग येतो. तोच खळीच्या पातेल्यात उतरला होता.

कादंबरी धरणात गेलेल्या गावाची होती, बाईंनीच नाव सांगून मागितलेली. मी ती चाळून ठिकाण शोधलं. अक्षराला धक्का लावायचा नव्हता. नवव्या प्रकरणाच्या सुरुवातीला डावीकडचं पान पूर्ण कोरं होतं, आणि उजवीकडे वरचं अर्धं पान कोरं सोडून खाली मजकूर होता. त्या कोऱ्या जागेत मी बोटानं खळीचा पुसट हात फिरवला, कडांना जरासा जास्त, आणि दोन्ही पानं मिटून वर पोळपाट ठेवला. सकाळी पाहिलं तर दोन पानांचं एक जाड पान झालं होतं. डोळसपणे वाचणाऱ्याला ते लगेच कळणार, नखानं हलकेच सोडवलं की सुटणार. सुटलेलं परत आलं तर बाईंनी वाचलं, मी पायावर डोकं ठेवीन. चिकटलेलं आलं तर पुढं काय ते बघू.

गुरुवारी पुस्तक देऊन आले. दुसऱ्या गुरुवारी कसलीशी सुट्टी होती. बाईंच्या फाटकाशी शिरीषची गाडी उभी होती.

शिरीष माझ्याच वयाचा, शाळेच्या वयापासून आम्ही एकमेकांना ओळखत होतो. चेहऱ्यानं बाईंसारखा, स्वभावानं मऊ. त्यानं मला खुर्ची ओढून दिली. "बसा, विजयाताई. आईच्या परीक्षेला साक्षीदार हवाच होता."

"नेहमीचं झालंय याचं," बाई म्हणाल्या, पण खुशीत होत्या. इस्त्रीचं पातळ, केसांचा नीट अंबाडा. टेबलावरची माझी कादंबरी त्यांनी न चाचपडता उचलली. दोरा बाहेर लोंबत होता. "नववं प्रकरण सुरू केलंय मी. वाचू?"

नववं म्हणताच मी खुर्चीत पुढं सरकले. म्हणजे पानं सोडवली तर. म्हणजे वाचतात. मला क्षणभर इतकं बरं वाटलं की मनातल्या मनात मी त्यांची क्षमाही मागून टाकली.

बाईंनी दोऱ्यावर पुस्तक उघडलं, चष्मा लावला, आणि वर्गात वाचायच्या तशा स्वच्छ आवाजात सुरुवात केली. "सकाळी पाणी शाळेच्या तिसऱ्या पायरीवर आलं होतं. गुरुजींनी घंटा दिली. एकही मूल आलं नाही, तरी गुरुजींनी दुसरी घंटा दिली."

हेच ते. खळ लावताना मी या ओळी वाचल्या होत्या. शिरीष खुर्चीच्या मागे उभा राहून आईच्या खांद्यावरून पुस्तकात बघत होता. आधी त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं. मग ते गेलं. त्यानं मान थोडी आणखी वाकवली.

बाई वाचत होत्या. "तिसऱ्या घंटेला सखूची म्हैस पटांगणात आली."

"आई," शिरीष म्हणाला.

"थांब रे, परिच्छेद संपू दे."

"आई, इथं वकील आहे."

बाई थांबल्या.

"इथं लिहिलंय, वकिलानं चष्मा पुसला आणि कागद पुढं सरकवला. वर 'दहा' लिहिलंय. हे दहावं प्रकरण आहे." त्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "तू वाचलंस ते कुठं आहे?"

बाईंनी पुस्तकाकडे पाहिलं. मग पान एकदा मागे उलटलं, पुन्हा पुढं आणलं. बोटं पानाच्या वरच्या कोऱ्या भागावरून फिरली.

त्या वेळी मी गप्प बसले असते तर. कधी कधी वाटतं, निदान एवढं तरी म्हणाले असते की पुस्तक बांधताना पानं चिकटलीत, बाईंचा दोरा चुकून पुढं गेला असेल. तेवढ्यानं निभावलं असतं. शिरीषला ते ऐकायचंच होतं, तो माझ्याकडे त्याच आशेनं बघत होता. पण मला एकच दिसत होतं, की पानं अजून चिकटलेलीच होती. मी पकडलं होतं.

मी उठले, त्यांच्या हातातून पुस्तक घेतलं आणि नखानं ती पानं सोडवली. "हे बघा नववं. मीच चिकटवलं होतं. आठ दिवस पुस्तक इथं आहे आणि कुणी ते उघडलेलं नाही. बाई माझी पुस्तकं वाचतच नाहीत, शिरीषदादा. त्या यंत्रावर वाचतात. त्या विणकामाच्या पिशवीत बघा."

"विजया," बाई म्हणाल्या. नुसतं नाव घेतलं. शाळेत त्यांनी नुसतं नाव घेतलं तरी आम्ही जागच्या जागी थांबायचो. त्या दिवशी मी थांबले नाही. पिशवीतला लोकरीचा गुंडा बाजूला केला, यंत्र काढलं आणि शिरीषच्या हातात दिलं.

त्यानं ते सुरू केलं. थोडा वेळ बघत राहिला. मग माझ्याकडे वळवलं.

पूर्ण पडद्यावर चारच शब्द होते. 'सकाळी पाणी शाळेच्या तिसऱ्या'. एकेक अक्षर माझ्या अंगठ्याएवढं. पुढचा शब्द बघायला पान उलटायला लागणार होतं.

मला अजूनही ती अक्षरं आठवली की कुठंतरी तोंड लपवावंसं वाटतं.

"कधीपासून?" शिरीषनं विचारलं.

"डावा डोळा आधीच गेला होता," बाई म्हणाल्या. चष्मा काढून त्यांनी मांडीवर ठेवला. "उजव्याचं दिवाळीपासून. मधलं दिसत नाही, कडेचं थोडं दिसतं. डॉक्टर म्हणाले, पडदा झिजलाय, ऑपरेशननं काही व्हायचं नाही. जुईला माहितीय. तिनं हे आणून दिलं. तिला बोलू नकोस, मी तिला शपथ घातली होती."

"म्हणजे दर वेळी तू..."

"पाठ करत होते. यंत्रात जे पुस्तक असेल तेच विजयाकडून मागायचं, यंत्रावर वाचायचं, दीड-दोन पानं पाठ करायची. पुस्तकात प्रकरण सुरू होतं तिथं कोरी जागा असते, तेवढी मला कळते. कोऱ्या जागा मोजून दोरा घालायचे. या खेपेला एक कमी भरली." त्यांनी माझ्या दिशेनं मान वळवली, पण नजर माझ्या जरा बाजूला पडली. "का ते आत्ता कळलं."

शिरीष खाली बसला, आईच्या पायाशी, फरशीवर. "आणि गॅस?" तो म्हणाला. "आणि रस्ता, आई? दिवाळीत पडलीस ती..."

मी माझी पिशवी उचलली आणि बाहेर आले. कुणी मला थांब म्हणालं नाही आणि कुणी जा असंही म्हणालं नाही.

त्यानंतर पंधरा दिवस मी त्या गल्लीत गेले नाही. गोडोलीतल्या बाकीच्या घरांनाही फोन करून सांगितलं, स्कूटर बिघडलीय. दिलीपला तेवढं सगळं खरं सांगितलं. शेवटी बाईंच्या शेजारणीकडून कळलं की रविवारी सकाळी शिरीष आईला न्यायला येणार आहे. शनिवारी रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी आठला गेले.

दार उघडंच होतं. सोप्यात दोन बॅगा, एक गादीची वळकटी, देव्हाऱ्याची पेटी. शिरीष गॅसवाल्याकडे सिलिंडर परत करायला गेला होता, बाई एकट्याच होत्या.

"ये," त्या म्हणाल्या. "तुझी पावलं फाटकापाशीच ओळखली. बस."

मी बसले नाही. "बाई, मला वाटलं तुम्ही मला फसवताय."

"फसवत होतेच की. पण तुला नव्हे."

"मला सांगायचं होतंत."

"काय सांगायचं होतं? तुझी पुस्तकं वाचता येत नाहीत, पण टेबलावर ठेवायला हवीत? तू आणणं बंद केलं असतंस. तुझा स्वभाव मानी आहे, शाळेपासून. आणि टेबलावर पुस्तक नसतं तर शिरीषनं पहिल्याच दिवशी ओळखलं असतं." त्या शांतपणे बोलत होत्या. मला रागाची सवय होती, या शांतपणाची नव्हती. "त्या यंत्रात अक्षर मोठं होतं गं. एवढंच. बाकी ते काही मला आवडत नाही."

"मी चुकले, बाई."

"हो," त्या म्हणाल्या. "विचारलं असतंस तर बरं झालं असतं."

त्यांनी ते हो म्हणून टाकलं याचं मला कुठंतरी बरं वाटलं. नाही म्हणाल्या असत्या तर मी आजही त्यांच्यावर चिडून राहिले असते.

"शेगडी आहे अजून शेजारणीची, छोट्या सिलिंडरची," त्या म्हणाल्या. "चहा करते तुझ्यापुरता. मग तीही परत द्यायचीय."

"मी करते."

"तू बस म्हटलं ना."

मी दारात उभी राहून बघत राहिले. बाई उठल्या, चार पावलं चालल्या, उंबऱ्यापाशी पाय नेमका उचलला. मांडणीच्या तिसऱ्या फळीवरून पातेलं काढलं. माठाच्या तोटीतून पाणी घेतलं, कान लावून, आवाजावरून दीड कप झाल्याचं ओळखून थांबवलं. शेगडी हाताच्या अंतरावर, काडी उजव्या कोनाड्यात. आधी काडी ओढली, मग गॅस सोडला, कसलीच घाई नाही, चूक नाही. साखर चमच्यात घेऊन अंगठ्यानं सपाट केली. उतू जाण्याआधी फुगा वर येताना त्यांना कळलं, मला नाही कळलं. गाळणं खुंटीला जिथं असायचं तिथंच होतं. कपात चहा ओतताना एक थेंब बाहेर सांडला नाही. मी बघून ओतते तरी सांडतो.

कप त्यांनी माझ्या हातात दिला.

"पंचेचाळीस वर्षं झाली या घरात," त्या म्हणाल्या. "इथं मला डोळे लागत नव्हते, विजया. पुण्यात लागतील."

मी चहा प्यायले. गोडी बरोबर होती. शेवटच्या घोटापर्यंत सगळा प्यायले, कारण तेवढंच त्यांना त्या घरात शेवटचं करता आलं होतं.

शिरीष आला, बॅगा गाडीत गेल्या. माझ्याशी तो नीट बोलला, कसलाही राग दाखवला नाही. उलट म्हणाला, "तुमच्यामुळे कळलं, विजयाताई. नाही तर एखाद्या दिवशी काय झालं असतं कुणास ठाऊक." तो मनापासून म्हणत होता. कदाचित त्याचंच खरं असेल. इतकी वर्षं मी त्याचंच खरं मानायचा प्रयत्न करतेय.

बाईंनी स्वतःच कुलूप लावलं, ओढून पाहिलं, किल्ली कनवटीला लावली. सोप्याच्या दोन पायऱ्या उतरल्या, तुळशीला वळसा घातला, फरशीच्या वाटेवरून फाटकापर्यंत भराभर आल्या, कठड्याला हातसुद्धा न लावता. फाटकाची कडी काढली. बाहेर पाऊल टाकलं, आणि गाडीचं दार उघडं होतं तिथं येऊन थांबल्या.

एक हात त्यांनी पुढं केला, हवेतच. दार कुठं आहे, पायरी किती उंच आहे, आत बसायची जागा कुठून सुरू होते, काही कळेना. शिरीष पलीकडून येऊन हात धरेपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या. मी त्यांच्यापासून दोन पावलांवर होते, आणि त्यांचा हात धरायचं धाडस मला झालं नाही.